सव्वीस इंच कुठे गेले

बाजारात त्यांना खऱ्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. वजनमापे खात्यात त्यांनी चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली, आणि त्या चौतीस वर्षांत दुकानदारानं कितीही गयावया केली तरी त्यांचं उत्तर एकच असायचं, "रतीभरही फरक चालणार नाही." त्यामुळे त्यांचं नाव पडलं रतीभर. तोंडावर रतीभरसाहेब, पाठीमागे नुसतंच रतीभर. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून ते त्यांना आवडलंही होतं.

निवृत्त झाल्यावर कुणी बागकाम करतं, कुणी कोडी सोडवतं. रतीभर घरातल्या वस्तू तपासायला लागले. साबणाची वडी लिहिल्याइतकी भरते का, दोऱ्याच्या रिळात लिहिलाय तेवढा दोरा आहे का, हे ते बघत. दोऱ्याचं रीळ त्यांनी खरोखर उलगडून मोजलं होतं आणि तो दोरा परत गुंडाळायला त्यांच्या बायकोचा अख्खा रविवार गेला होता. स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला त्यांचा स्वतःचा काटा होता. निवृत्तीच्या वेळी खात्यानं दिलेली पितळी वजनं त्याच्या शेजारी मखमलीच्या पेटीत असत. त्या पेटीवरची धूळ पुसायची परवानगी घरात एकाच माणसाला होती.

डॉक्टरांकडे रक्तदाब मोजायला गेले तेव्हाही त्यांनी दंडावरचा पट्टा सुटायच्या आत विचारलं, "हे यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलंत?"

"यंत्र ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमचं तेवढं ठीक नाही. रोज अर्धा तास सायकल चालवा."

ही बातमी त्यांच्या बायकोनं फोनवर आपल्या जावेला सांगितली, जावेनं नवऱ्याला सांगितली, आणि मंगळवारी सकाळी दारात टेम्पो थांबला. त्यातून एक गडद हिरवी जुनी सायकल उतरली. डोंगरावर चढवायची असते तसली, जाड नळ्यांची, पुढच्या चिमट्याला स्प्रिंग असलेली. रंग जागोजाग उडालेला. दोन्ही चाकांच्या रिमा वाकलेल्या आणि टायरांचा पत्ताच नाही. रतीभरांनी ती बघितल्याबरोबर ओळखली. सायकल त्यांच्या धाकट्या भावाची होती, आणि धाकटा त्यांच्याशी नऊ वर्षं एक शब्द बोलला नव्हता.

"जाऊबाईंचा फोन होता," बायको म्हणाली. "भावोजी म्हणाले, पडून आहे तर चालवू दे त्याला. सव्वीसची चांगली चाकं आता मिळत नाहीत, साडेसत्तावीसची टाकायला सांगा. ब्रेक डिस्कचे आहेत, रिमला धरत नाहीत, त्यामुळे जमेल."

"आणखी काय म्हणाला?"

"ते रविवारी सकाळी सात वाजता तळ्यावर फिरायला असतात. सायकल झाली तर घेऊन या म्हणाले."

"आणि नाही झाली तर?"

"त्याबद्दल काही बोलले नाहीत."

रतीभर सायकलकडे बघत उभे राहिले. बोलणं त्यांना पुरतं कळलं होतं. रविवारी सायकल तळ्यावर पोचली तर पोचली. नाही पोचली तर धाकटा त्याचा अर्थ 'नको' असा घेणार आणि पुढची नऊ वर्षं सुरू होणार. दोघांचीही वयं आता अशी होती की आणखी नऊ वर्षं कुणी गृहीत धरू नयेत.

"सायकल नाही झाली तर चालत जा की," बायको म्हणाली. "तळं काही पळून जात नाही."

"सायकल घेऊन ये म्हणालाय तो," रतीभर म्हणाले. "जे ठरलं ते ठरलं."

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट थोडक्यात अशी. त्यांच्या वडिलांचं खिळे, तारा, बिजागऱ्या असलं सामान विकायचं दुकान होतं. थोरले सरकारी नोकरीत गेले, दुकान धाकट्यानं चालवलं. वडिलांचा बसक्या पाट्यांचा जुना काटाही त्यानं तसाच वापरात ठेवला. एक दिवस खात्यात त्या दुकानाविरुद्ध तक्रार आली. जोडीदार निरीक्षक म्हणाला, "तुम्ही राहू द्या, मी जाऊन येतो." पण रतीभरांना वाटलं, आपण गेलो नाही तर लोक म्हणणार, भाऊ म्हणून सोडला. म्हणून ते स्वतः गेले. काट्याला प्रमाण वजनं लावली. अर्ध्या किलोला वीस ग्रॅम कमी पडत होते. त्यांनी काटा जप्त केला, पंचनाम्याचा फॉर्म एकही रकाना रिकामा न ठेवता भरला आणि दारावर नोटीस लावली. नोटीस एकवीस दिवस राहिली. सुतारांनी दुसरं दुकान धरलं, आणि वर्षभरात धाकट्यानं कुलूप लावून एका गोदामात नोकरी पत्करली.

आपलं काही चुकलं असं रतीभरांना कधी वाटलं नव्हतं. वीस ग्रॅम म्हणजे वीस ग्रॅम. पण त्यानंतर एका लग्नात दोघे समोरासमोर आले, दोघांनी एकाच वेळी मान फिरवली, आणि त्या दिवशी घरी आल्यावर ते जेवले नाहीत.

मंगळवारी दुपारी त्यांनी चाकं मागच्या गॅलरीत नेली आणि पोलादी टेप काढली. रिमवर चिकटपट्टी होती, तिच्यावर आकडा होता सव्वीस. त्यांनी आडवी टेप लावली. साडेबावीस इंच. त्यांनी चाक फिरवून पुन्हा लावली. साडेबावीस. चष्मा पुसला, तिसऱ्यांदा लावली. मग दुसरं चाक घेतलं. तेही साडेबावीस.

"साडेतीन इंच कमी आहे," त्यांनी आत येऊन बायकोला सांगितलं. आयुष्यात त्यांनी ग्रॅमसाठी माणसं धरली होती. साडेतीन इंच राजरोस कमी आणि वर छापील आकडा, असला दरोडा त्यांनी बघितला नव्हता. टेप खोटी असेल म्हणून त्यांनी टेपही तपासली, शेजाऱ्याकडची दुसरी आणून. मग शेजाऱ्याची टेप खरी कशावरून, असा प्रश्न पडला. तेव्हा बायको म्हणाली की आता जेवायला बसा.

बुधवारी ते चाक काखेत मारून सायकलच्या दुकानात गेले. दुकान एका चाळिशीच्या बाईचं होतं, तिच्या वडिलांपासूनचं. सगळे तिला सायकलवाली म्हणत. छताला चाकं टांगलेली, जमिनीवर काळ्या तेलाचे डाग, आणि ती पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून भोक शोधत बसली होती.

"हे चाक सव्वीसचं नाही," रतीभरांनी सुरुवात केली.

तिनं नुसती मान वर केली. "सव्वीसचंच आहे, काका."

"साडेबावीस भरतंय. तीनदा मोजलंय."

"नुसती रिम मोजलीत तर तेवढीच भरणार. टायर चढवा, हवा भरा, मग मोजा. सव्वीस होतंय."

रतीभरांना हे ऐकून जरा बसावंसं वाटलं, पण ते दुकानात कधी बसत नसत. "म्हणजे रबर आणि हवा धरून सव्वीस?"

"हो."

"तुम्ही हवा मापात धरता?"

"मी नाही हो धरत. ही पद्धत माझ्या जन्माआधीची आहे."

मग त्यांनी साडेसत्तावीसचं नवं चाक मागितलं आणि तिथंच टेप लावली. साडेतेवीस. त्यांनी मनात हिशेब मांडला, तो मोडला, परत मांडला. "सव्वीसवरून साडेसत्तावीस म्हणजे दीड इंच वाढ व्हायला पाहिजे. इथं एकच इंच वाढलाय. अर्धा इंच गेला कुठे?"

"कुठे गेला नाही. तो नव्हताच." तिनं हात पुसले आणि ती उठून आली. "काका, ते नाव आहे, माप नाही. माझ्या आत्याला अजून सगळे बेबी म्हणतात. तिला सत्तरावं लागलंय."

"पण मग ह्याला साडेसत्तावीस कोणत्या परिस्थितीत म्हणता येईल?" रतीभरांचा आवाज आता पंचनाम्याचा झाला होता.

"हा जाड टायर घातला तर बरोबर साडेसत्तावीस भरेल. आणि हा बारीक घातला तर साडेसव्वीससुद्धा भरणार नाही. तुम्ही बारीकच घ्या. फ्रेम जुनी आहे, तिच्या मागच्या दोन दांड्यांमध्ये जागा सव्वीसपुरतीच ठेवलीय. जाड घातला तर घासेल."

"पण जाड टायरनं साडेसत्तावीस भरेल ना?"

"भरेल," सायकलवाली म्हणाली. "फिरणार नाही."

आता कुठलाही शहाणा माणूस बारीक टायर घेऊन घरी गेला असता. पण रतीभरांचं डोकं वेगळ्या मातीचं. धाकट्यानं साडेसत्तावीस सांगितलं होतं. साडेसत्तावीसचं चाक म्हणून साडेसव्वीसचं चाक त्याच्यापुढे न्यायचं, तेही आपण, हे त्यांना कसंसंच वाटलं. धाकटा टेप घेऊन येणार नव्हता हे त्यांना कळत होतं. तरी वाटलं. त्यांनी नवी चाकं आणि जाड टायर घेतले. सायकलवालीनं वाद घातला नाही. टायर मळवू नका म्हणजे बदलून देता येतील, एवढंच ती म्हणाली, आणि पुन्हा घमेल्याशी जाऊन बसली.

गुरुवारी सकाळी त्यांनी पान्हा घेतला. पुढचं चाक बसलं आणि छान फिरलं. रतीभरांनी ते दोनदा फिरवून बायकोला दाखवलं. मागचं चाक दांड्यांमध्ये सरकवलं तर ते आत गेलं आणि तिथंच अडकून बसलं, पुढेही जाईना आणि मागेही येईना. त्यांनी हवा सोडली. चाक गरागरा फिरायला लागलं. हवा सोडल्यावर मोजलं तर माप कमी. हवा भरली, माप बरोबर, चाक जागच्या जागी. हे त्यांनी तीन वेळा केलं. चौथ्यांदा पंप हातात घेऊन ते गॅलरीत नुसतेच बसले. खरं असलं की चालत नाही आणि चाललं की खरं नसतं, हे कुठल्या नियमात बसवायचं ते त्यांना समजेना. डोकं भणभणायला लागलं तेव्हा बायकोनं पंप काढून घेतला.

शुक्रवारी त्यांना सुचलं की फ्रेमचीच दांडी आतून थोडी कानशीनं घासावी. भावाची सायकल, त्याला न विचारता. पण रविवार दोन दिवसांवर आला होता आणि माणूस घायकुतीला आला की त्याला काहीही सुचतं. कानस शोधायला त्यांनी माळ्यावरचा लोखंडी डबा काढला. करवती, स्क्रू, जुनी कुलपं उपसत तळाशी गेले तर हाताला तेलकट कागदाची एक जड पुडी लागली. दोऱ्यानं बांधलेली. वर निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'खिळे, दीड इंची, अर्धा किलो'. अक्षर धाकट्याचं होतं. पुडी कधी सोडलेलीच नव्हती.

कानस बाजूला राहिली. पुडी हातात घेऊन ते थोडा वेळ माळ्याखालच्या स्टुलावर बसून होते. मग त्यांनी तेच केलं जे ते साबणाच्या वडीचं करत. ओट्याशी गेले, मखमली पेटी उघडली, काटा शून्यावर आणला आणि पुडी ठेवली.

चारशे ऐंशीला पाटी हललीच नाही. पाचशेला नाही. त्यांनी छोटी वजनं चढवत नेली. पाचशे अडतीस.

त्यांनी पुडी सोडली, खिळे ताटात ओतले, कागद आणि दोरा वेगळा तोलला. चार ग्रॅम. म्हणजे खिळे पाचशे चौतीस. गंजानं वजन वाढतं हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी खिळे खिडकीशी नेऊन बघितले. तेलकट कागदात राहिल्यामुळे खिळे नवेकोरे चकचकीत होते.

"हे कधी आणले होते?" त्यांनी बायकोला विचारलं.

तिनं ताटात बघितलं आणि हातातलं काम थांबवलं. "मागच्या दाराचं छत करायचं होतं तेव्हा. तुम्ही नोटीस लावलीत ना, त्याच्या आदल्या महिन्यात. मग ते छत राहिलंच."

"हे जास्त भरतायत."

"भरणारच. तोलून झालं की भावोजी वर एक मूठ घालायचे. मामंजीही घालायचे. काटा कमी दाखवतो हे त्यांना काय माहीत नव्हतं?"

"मग काटा दुरुस्त का नाही केला?"

"ते मला काय माहीत. मामंजींचा काटा होता. हात लावायचं मनात आलं नसेल." तिनं एक खिळा उचलून बघितला. "तुम्ही त्या दिवशी एखादी पुडी तोलली नव्हती का?"

पुडी तोलायची तरतूद नियमात होती. कलमाचा आकडासुद्धा त्यांना पाठ होता. त्या दिवशी गल्ल्याशेजारी गिऱ्हाइकांसाठी बांधून ठेवलेल्या सहा-सात पुड्या त्यांनी डोळ्यांनी बघितल्याही होत्या.

"नाही," ते म्हणाले. "काटा चुकीचा निघाला, मग मी पुढे काही बघितलं नाही."

त्या दुपारी त्यांचा नुसता गोंधळ उडाला. मूठ म्हणजे काही माप नव्हे. कुणाची लहान, कुणाची मोठी. मुठीवर दुकानं चालायला लागली तर खात्याला कुलूप लावायला पाहिजे. पण चाकाचं सव्वीस हेही वर चढवलेल्या रबराशिवाय आणि हवेशिवाय कुठे भरत होतं? त्यांनी नुसती रिम मोजून सगळ्या सायकलवाल्यांना चोर ठरवलं होतं, आणि सायकलवालीनं एका वाक्यात त्यांना गप्प केलं होतं. त्या दिवशी दुकानात धाकट्यानं असं एक वाक्य का म्हणू नये? की म्हणाला होता आणि आपण लिहिण्यात होतो? त्यांना काही केल्या आठवेना. शिवाय एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे तर त्यांनीच नव्या निरीक्षकांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. एक पुडी हा एकच नमुना. पण मग एक काटा हासुद्धा एकच नमुना होता. त्यांना रडू आलं नाही, पण यायला हरकत नव्हती असं वाटलं.

शनिवारी ते सायकल आणि न मळलेले जाड टायर घेऊन दुकानात गेले. "बारीक द्या," म्हणाले.

सायकलवालीनं 'मी सांगितलं होतं' वगैरे काही म्हटलं नाही. तिनं सायकल उलटी ठेवली, बारीक टायर चढवले, मागचं चाक बसवलं आणि कानावरची पेन्सिल काढून टायर आणि दांडी यांच्या फटीतून फिरवली. पेन्सिल दोन्ही बाजूंनी सहज गेली. मग सायकल सुलटी करून ती म्हणाली, "आता हॅन्डलवर सगळा भार टाका. स्प्रिंग पूर्ण दाबली गेली तरी पुढचं चाक वर टेकायला नको." रतीभरांनी भार टाकला. ती वाकून बघत होती. "आणखी," ती म्हणाली, "काका, वजन कमी करायचं ते उद्यापासून." त्यांनी आणखी टाकला. चाक टेकलं नाही.

"किती फट राहिली?" त्यांनी सवयीनं विचारलं.

"पेन्सिलीएवढी."

"मिलिमीटरमध्ये?"

"पुरते तेवढी," ती म्हणाली आणि पेन्सिल पुन्हा कानावर गेली.

त्यांनी टेप खिशात आणली होती. ती त्यांनी बाहेर काढली नाही.

रविवारी पावणेसातला ते निघाले. नऊ-दहा वर्षांनी सायकलवर बसत होते, त्यामुळे पहिल्या वळणापर्यंत हॅन्डल त्यांना घेऊन चाललं होतं की ते हॅन्डलला, हे सांगणं अवघड होतं. कोटाच्या खिशात पुडी होती. कागदात परत बांधलेली, त्याच दोऱ्यानं, पाचशे चौतीस ग्रॅम. काय बोलायचं ते त्यांनी रात्रीच ठरवून ठेवलं होतं. मी काटा तपासला, पुडी तपासली नाही, ती माझी चूक. तीन तुकडे, जास्त काही नाही.

तळ्याच्या कडेला बाकावर धाकटा बसला होता. केस पार पांढरे झाले होते आणि त्या केसांत तो थेट वडिलांसारखा दिसत होता. रतीभर उतरले. उतरताना पाय नळीत अडकला आणि ते जवळजवळ पडले. धाकटा अर्धा उठला, मग परत बसला.

"झाली म्हणजे," तो सायकलकडे बघून म्हणाला. "मागे घासत नाही ना?"

"नाही."

"कितीचं झालं चाक?"

"काय माहीत," रतीभर म्हणाले.

धाकट्यानं त्यांच्याकडे बघितलं. ह्या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द त्यानं जन्मात ऐकले नव्हते.

रतीभरांनी पुडी काढून बाकावर ठेवली. "आमच्या माळ्यावर सापडली. पाचशे चौतीस भरली. कागद सोडून." ठरवलेले तीन तुकडे त्यांनी म्हणून टाकले. "मी काटा तपासला. पुडी तपासली नाही. ती माझी चूक."

धाकट्यानं पुडी उचलली, हातावर जोखली आणि निळ्या पेन्सिलीची अक्षरं वाचली.

"वहिनीची पुडी आहे ही," तो म्हणाला. "वहिनीला मी दोन मुठी घालायचो."

"म्हणजे?"

"म्हणजे ओळखीच्याला मूठ मिळायची, दादा. सुताराला, शेजाऱ्याला. वहिनीला जास्तच. अनोळखी माणूस आला आणि दुकानात गर्दी असली तर नाही मिळायची. बाबा सगळ्यांना घालायचे, माझ्याकडून राहून जायचं. तक्रार कुणीतरी अनोळखीनंच केली असणार, आणि ती खरी होती. काटा मी तेव्हाच बदलायला पाहिजे होता. तुझं काही चुकलं नाही."

रतीभर तसेच उभे राहिले. शुक्रवारपासून ज्या चुकीचं ओझं घेऊन ते फिरत होते, ती चूकच त्याच्या म्हणण्याप्रमाणे नव्हती. त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण बरं वाटत नव्हतं. सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडायची वेळ आली होती आणि मांडायला जागा नव्हती.

"मग नऊ वर्षं कशाबद्दल?" त्यांनी विचारलं. "मी बरोबर होतो, तर तू बोलत का नव्हतास?"

धाकटा तळ्याकडे बघत होता. "तू आलास तेव्हा मी तुला स्टूल पुढे केलं. तू बसला नाहीस. म्हटलं, ठीक आहे, कामावर आहे. काटा घेतलास, म्हटलं, घे. मग तू फॉर्म काढलास आणि मला नाव विचारलंस. मी सांगितलं. वय विचारलंस, तेही सांगितलं." त्यानं पुडी परत बाकावर मधे ठेवली. "मग तू मला वडिलांचं नाव विचारलंस, दादा. चार सुतार उभे होते. बाबांच्या दुकानात, बाबांचा काटा काखेत धरून तू मला विचारलंस, वडिलांचं नाव. मी बोललो नाही. तर मान वर न करता तू परत विचारलंस."

रतीभरांना तो रकाना आठवला. डावीकडून तिसरा. तिथं आपण काय लिहिलं होतं तेही आठवलं, आणि धाकट्याच्या तोंडून ते नाव ऐकल्यावर आपण ते एकही अक्षर न चुकता कसं लिहिलं तेही. दोघांचे वडील एकच, आणि तरी त्यांनी ते विचारलं होतं. का विचारलं, ह्याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. फॉर्ममध्ये होतं म्हणून. ते उत्तर त्यांनी तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं.

"मला आठवत नाही मी तुझ्याकडे बघितलं का," ते शेवटी म्हणाले.

"नाही बघितलंस."

तळ्याच्या पलीकडून दोन बायका भराभर चालत आल्या आणि त्यांच्या पुढून निघून गेल्या. रतीभरांचा हात अजून हॅन्डलवर होता. सायकल सोडली तर ती पडेल, आणि धरून ठेवली तर बसता येणार नाही, एवढाच विचार त्यांना सुचत होता. धाकटा उठला. त्यानं सायकल त्यांच्या हातातून घेतली, झाडाला टेकवली, मागचं चाक उचलून एकदा फिरवून बघितलं, आणि परत येऊन बाकाच्या एका टोकाला बसला. खिळ्यांची पुडी त्यानं मधून उचलून पलीकडे ठेवली.

"बस," तो म्हणाला.

रतीभर बसले.